घरखर्चाचे कोष्टक आणि रापणीचा वाटा

निरनिराळ्या देशांतील कुटुंबे आपला पैसा कशाकशावर खर्च करतात, याची कोष्टके आणि रंगीत नकाशे आता कोणत्याही शाळेत सहज पोहोचतात. अशा नकाशात अमेरिका फिकट रंगाने दाखवलेली असते; तेथे घरखर्चातले जेमतेम सहा-सात टक्के अन्नावर जातात असे शेजारी लिहिलेले असते. नायजेरियाचा रंग गडद असतो, कारण तेथे निम्म्याहून अधिक खर्च अन्नावर होतो. भारत या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतो. खाली निष्कर्ष दिलेला असतो: अन्नावरचा वाटा जितका मोठा, तितका देश गरीब. भूगोल, गणित आणि अर्थशास्त्र या तिन्ही विषयांच्या शिक्षकांना हा नकाशा उपयोगी वाटतो, आणि तो उपयोगी आहेही. पण तो भिंतीवर लावण्यापूर्वी त्यातले आकडे कसे तयार झाले हे पाहायला हवे. या लेखात आपण तेच करणार आहोत.

तपासणीसाठी आम्ही सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणचा किनारा निवडला आहे. त्याचे कारण सरळ आहे. येथील पुष्कळ घरांत ताटात येणाऱ्या जिनसांपैकी काही विकत आणलेल्या असतात, काही परड्यातल्या असतात, काही समुद्रातून वाट्याला आलेल्या असतात, आणि काही मुंबईहून आलेल्या पैशांतून घेतलेल्या असतात. अशा घराचा खर्च कोष्टकात बसवायला गेलो, की कोष्टकाची शिवण कोठे उसवते ते लगेच दिसते.

नियम कोठून आला?

अन्नावरच्या वाट्याचा हा नियम एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. (कार्ल मार्क्सचे सहकारी फ्रिडरिश एंगल्स ते वेगळे.) एंगेल हे सॅक्सनी राज्याच्या संख्याशास्त्र कचेरीचे प्रमुख होते. १८५७ साली त्यांनी बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूळ माहिती एदुआर द्यूकपेत्यो यांनी गोळा केली होती आणि ती १८५५ मध्ये छापली गेली होती. त्या कुटुंबांचे तीन गट पाडलेले होते. सार्वजनिक मदतीवर अवलंबून असणाऱ्यांचा सुमारे ७१ टक्के खर्च अन्नावर होत होता, कशीबशी हातातोंडाची गाठ घालणाऱ्यांचा सुमारे ६७ टक्के, आणि बऱ्या स्थितीतल्या कामगारांचा सुमारे ६२ टक्के. उत्पन्न वाढते तसा अन्नावरचा वाटा घटतो, असा निष्कर्ष एंगेल यांनी काढला.

यामागचे कारण समजायला अवघड नाही. पोटाला मर्यादा असते. उत्पन्न दुप्पट झाले म्हणून कोणी दुप्पट भात जेवत नाही. अन्नावरचा खर्च रुपयांत वाढतो, कारण माणूस अधिक चांगले खाऊ लागतो. परंतु एकूण खर्च त्याहून वेगाने वाढतो, म्हणून टक्का उतरतो. दीडशेहून अधिक वर्षांत जगभर झालेल्या पाहण्यांनी हा नियम पुन्हा पुन्हा पडताळला आहे. अर्थशास्त्रातील इतके टिकाऊ नियम फारच थोडे.

आमचा आक्षेप नियमावर नाही, त्याच्या वापरावर आहे. एंगेल यांच्या अभ्यासातील कुटुंबे एकाच देशातील, एकाच काळातील, मजुरीवर जगणारी आणि बहुतेक वस्तू बाजारातून घेणारी होती. या मर्यादेत टक्क्यांची तुलना रास्त ठरते. मर्यादा ओलांडून एका देशाचा टक्का दुसऱ्या देशाच्या टक्क्याशेजारी ठेवला, की दोन्हीकडे ‘खर्च’ या शब्दाचा अर्थ एकच आहे का, हा प्रश्न उभा राहतो. बहुतेक वेळा तो एक नसतो.

छायाचित्राखालची किंमत

या विषयावरचे सर्वांत लोकप्रिय साहित्य म्हणजे पीटर मेंझेल आणि फेथ डी’अलुझिओ यांचे २००५ सालचे ‘हंग्री प्लॅनेट’ हे पुस्तक. चोवीस देशांतील तीस कुटुंबे आपल्या आठवड्याच्या अन्नासह छायाचित्रांत दिसतात, आणि त्या अन्नावर झालेला खर्च डॉलरमध्ये दिलेला असतो. जर्मनीतील एका कुटुंबाचा खर्च ५०० डॉलर, जपानमधील एकाचा ३१७, आपल्या उज्जैनमधील एका कुटुंबाचा ३९, भूतानच्या एका खेड्यातील घराचा ५, आणि चाडमधील निर्वासित छावणीतल्या कुटुंबाचा १ डॉलर २३ सेंट. पुस्तक मेहनतीने केलेले आहे. माणसांकडे ते आदराने पाहते, आणि मुलांना जगाची ओळख करून देण्याचे त्याचे सामर्थ्य वादातीत आहे.

पण पुस्तकापेक्षा त्यातली छायाचित्रेच जास्त फिरली. ती फिरताना छायाचित्राखालचा एक आकडा तेवढा बरोबर राहिला आणि बाकीचा मजकूर गळून पडला. छावणीतील ते कुटुंब सव्वा डॉलरवर जगत नव्हते. त्याच्या अन्नाचा मुख्य भाग मदत म्हणून मिळालेल्या शिध्याचा होता. सव्वा डॉलर ही फक्त वरकड खरेदी होती. भूतानमधील घराचे बरेचसे अन्न घरच्या शेतातले होते. म्हणजे ५०० आणि १.२३ हे दोन आकडे एकाच गोष्टीचे माप नाहीतच. पहिला आकडा बहुतांशी ‘काय खाल्ले’ हे सांगतो, तर दुसरा ‘काय विकत घेतले’ हे सांगतो. वर्गात हे चित्र दाखवून “बघा, ते किती कमी खर्चात जगतात” असे आपण म्हणालो, तर आपण विद्यार्थ्यांना चुकीची वजाबाकी शिकवतो.

एकच घर, तीन उत्तरे

आता मालवणकडे येऊ. किनाऱ्यावरील एका घराचा हिशेब उदाहरणादाखल मांडू. पुढील रकमा कोणत्याही पाहणीतल्या नाहीत. हिशेबाची रीत समजावी म्हणून आम्ही सोयीच्या धरल्या आहेत.

घर स्वतःचे आहे. परड्यात माड आहेत, रातांब्याचे झाड आहे, विहीर आहे. थोड्या शेतजमिनीत भात होते. ते उकडून कांडले की घरच्या पेजेपुरते तांदूळ मिळतात. चुलीला चुडते आणि सोडणे कामी येतात. घरातला कर्ता माणूस रापणीला जातो. रापण ही किनाऱ्यावरून ओढायची मोठी जाळी. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळात जाळे सोडायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. मिळालेल्या मासळीची विक्री होते आणि वाटणीही होते. जाळे, होडी आणि ओढणारे हात यांचे वाटे पडतात. त्या वाट्यातले चार बांगडे किंवा तारल्या घरी येतात, त्यांची पावती कोठे नसते.

या घराचा महिन्याचा रोख खर्च १२,००० रुपये धरू. त्यातले ४,००० रुपये विकतच्या अन्नावर, म्हणजे तेल, साखर, चहा, डाळी, कांदे, भाजी यांवर जातात. केवळ रोख खर्च मोजला तर अन्नाचा वाटा ३३ टक्के येतो. एखाद्या सुखवस्तू देशाला शोभावा असा हा आकडा आहे.

आता घरचे तांदूळ, नारळ, आमसुले आणि वाट्याची मासळी यांचीही किंमत धरू. ती ५,००० रुपये झाली असे समजा. अन्न झाले ९,०००, एकूण खर्च १७,०००. वाटा एकदम ५३ टक्क्यांवर जातो. घर तेच, ताट तेच. पण आता ते गरीब दिसू लागले.

तिसरी पायरी अशी. स्वतःच्या घरात राहणे हाही उपभोगच आहे. तेच घर भाड्याने घेतले असते तर भाडे पडले असते. देशाच्या उत्पन्नाचा हिशेब मांडताना अर्थशास्त्रज्ञ हे मानीव भाडे कुटुंबाच्या उपभोगात मिळवतात. ते ४,००० रुपये धरले, तर एकूण २१,००० होतात आणि अन्नाचा वाटा ४३ टक्क्यांवर उतरतो.

तेहतीस, त्रेपन्न आणि त्रेचाळीस. या तिन्हींपैकी कोणतेच उत्तर खोटे नाही. प्रत्येक उत्तर वेगळ्या व्याख्येचे आहे. आपली राष्ट्रीय घरखर्च पाहणी साधारणपणे दुसऱ्या रीतीने चालते: घरच्या पिकाची किंमत धरते, पण स्वतःच्या घराचे मानीव भाडे खर्चात मिळवत नाही. जगाच्या नकाशांमध्ये वापरलेले आकडे पुष्कळदा तिसऱ्या रीतीच्या जवळचे असतात. मग भारताचा आकडा एका रीतीचा आणि अमेरिकेचा दुसऱ्या रीतीचा शेजारी शेजारी छापला जातो, आणि दोन व्याख्यांमधले अंतर दोन देशांमधले अंतर म्हणून वाचले जाते.

अमेरिकेचा सहा-सात टक्क्यांचा आकडाही उघडून पाहण्यासारखा आहे. त्यात फक्त घरी शिजवण्यासाठी घेतलेले अन्न असते. अमेरिकी कुटुंबे अन्नावरच्या पैशांतला जवळजवळ निम्मा भाग उपाहारगृहांत आणि बाहेरच्या खाण्यावर खर्च करतात. तोही धरला तर तेथील सरकारी कुटुंबखर्च पाहणीनुसार २०२२ साली अन्नाचा वाटा १२.८ टक्के होता. घरावर ३३.३ टक्के, वाहतुकीवर १६.८ टक्के आणि आरोग्यावर ८ टक्के खर्च झाला. मोटारीवाचून कामावर जाता येत नाही अशा देशात वाहतुकीचा मोठा वाटा हे सुबत्तेचेच लक्षण मानायचे की सक्तीचे, हाही विचार विद्यार्थ्यांना करायला लावावा.

मुंबईतील १९२३ चा अहवाल

व्याख्या सारख्या केल्या की काम संपले, असे मात्र नाही. त्यापुढचा धोका दाखवणारे उत्तम उदाहरण आपल्याच इतिहासात आहे, आणि त्याचा कोकणाशी जवळचा संबंध आहे.

१९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने शहरातील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची मोठी पाहणी केली. कचेरीचे प्रमुख जी. फिंडले शिरास यांनी तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. पाहणीत २,४७३ कुटुंबे होती, आणि एकट्याने राहणाऱ्या पुरुषांची नोंद वेगळी घेतली होती. त्या काळी गिरण्यांत काम करणाऱ्यांमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील माणसे फार मोठ्या संख्येने होती. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत राहणारे आणि रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले लोक दोन लाखांहून अधिक होते. मालवण तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. पाहणी सर्व कामगारांची होती, पण त्यात कोकणी चाकरमान्यांचा जमाखर्चही आला.

अहवालातील खर्चाची विभागणी अशी होती: अन्न ५६.८ टक्के, जळण व दिवाबत्ती ७.४, कपडे ९.६, घरभाडे ७.७ आणि इतर १८.५. आता याच्या शेजारी त्या काळच्या ब्रिटिश कामगाराचा खर्च ठेवू. ब्रिटनच्या राहणीखर्चाच्या निर्देशांकात १९१४ पासून वापरलेले भार असे होते: अन्न ६०, घरभाडे १६, कपडे १२, जळण व दिवाबत्ती ८ आणि इतर ४.

नियम डोळे मिटून लावला तर निष्कर्ष काय निघतो? मुंबईच्या गिरणी कामगाराचा अन्नावरचा वाटा ब्रिटिश कामगारापेक्षा कमी, म्हणून तो अधिक सुखी! घरभाडेही निम्म्याहून कमी, म्हणजे घरेही स्वस्त!

सुदैवाने शिरास टक्क्यांवर थांबले नाहीत. त्यांनी धान्याचे वजनही पाहिले. मुंबईचा कामगार दुष्काळी कामावरच्या मजुरांना ठरवून दिलेल्या प्रमाणाइतके धान्य खात होता. तुरुंगातील कैद्यांना मिळणाऱ्या शिध्यापेक्षा ते कमी होते. घरांविषयीची नोंदही तितकीच बोलकी होती. ९७ टक्के कामगार कुटुंबे एका खोलीत राहत होती. आणि ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती.

म्हणजे घरभाड्याचा टक्का कमी होता, कारण घर म्हणण्याजोगे काही घेतलेच जात नव्हते. अन्नाचा टक्का कमी होता, कारण सावकाराचे व्याज आणि गावच्या माणसांसाठी पाठवायचे पैसे आधी बाजूला निघत आणि उरल्या पैशांत पोट भागवावे लागे. ‘इतर’ या निरुपद्रवी शब्दाखाली लपलेल्या १८.५ टक्क्यांत व्याज होते, गावी जाण्या-येण्याचे भाडे होते, आश्रितांना धाडलेली रक्कम होती. पोटाला चिमटा काढून देणी भागवणाऱ्याचा अन्नावरचा वाटा उतरतो, आणि सुबत्ता आलेल्याचाही उतरतो. कोष्टकात दोघे सारखेच दिसतात. टक्क्यासोबत वजन, म्हणजे किती किलो धान्य, किती चौरस फूट जागा, हे नसेल तर दोघांना वेगळे ओळखता येत नाही.

गावाकडच्या बाजूने पाहिले तर याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग दिसतो. चाकरमान्याच्या एका संसाराचे दोन जमाखर्च असत, एक गिरणगावातल्या खोलीत आणि दुसरा किनाऱ्यावरच्या घरात. मुंबईच्या पाहणीत गावचा हिशेब नाही, गावच्या पाहणीत खोलीचा नाही. गणपतीला सगळे गावी आले की त्यांचे जेवण गावच्या चुलीवर होते. आपल्या पाहणीत पाहुण्यांच्या जेवणाचा खर्च यजमान घराच्या नावावर पडतो, तेव्हा त्या महिन्यात गावचे घर फार खाणारे दिसते आणि मुंबईचे अर्धपोटी. केरळ असो, फिलिपीन्स असो की मेक्सिको, जेथे जेथे माणसे परगावी कमावतात आणि घरी पैसे पाठवतात, तेथे तेथे ‘कुटुंब’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न कोष्टकाच्या आधी सोडवावा लागतो.

आपली राष्ट्रीय पाहणी काय सांगते?

भारतातील घरखर्चाची पाहणी हे जगातील अशा प्रकारच्या सर्वांत मोठ्या कामांपैकी एक आहे. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळातील पाहणीत २,६१,७४६ कुटुंबांची माहिती घेतली गेली. तिच्यानुसार ग्रामीण भागात दरडोई दरमहा खर्च सरासरी ३,७७३ रुपये आणि शहरी भागात ६,४५९ रुपये होता. महाराष्ट्रात हे आकडे ४,०१० आणि ६,६५७ होते. देशाच्या ग्रामीण भागात अन्नाचा वाटा १९९९-२००० मध्ये ५९.४ टक्के होता. २०११-१२ मध्ये तो ५२.९ आणि २०२२-२३ मध्ये ४६.४ टक्के झाला. एकट्या तृणधान्यांचा वाटा तर २२ वरून ११ आणि मग ५ टक्क्यांपर्यंत खाली आला.

हा आकडा निम्म्याच्या खाली आल्यावर त्याचे कौतुक झाले. कौतुकाला आधार आहेच. तांदूळ-गव्हाऐवजी दूध, फळे, अंडी, तयार खाद्यपदार्थ आणि अन्नाबाहेरचा खर्च वाढला, हे खरे परिवर्तन आहे. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात.

पहिली: मोजण्याची रीत बदलली. कोणत्या वस्तूचा खर्च गेल्या सात दिवसांचा विचारायचा, कोणत्याचा तीस दिवसांचा आणि कोणत्याचा वर्षाचा, यावर उत्तर अवलंबून असते. आठवण जितकी जुनी, तितकी विसर जास्त. १९९९-२००० च्या पाहणीवर नेमका याच मुद्द्यावरून अर्थशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. २०१७-१८ च्या पाहणीचे निष्कर्ष आकडेवारीच्या दर्जाचे कारण देऊन सरकारने प्रसिद्धच केले नाहीत. २०२२-२३ मध्ये एका भेटीऐवजी तीन महिन्यांत, दरमहा एक अशा तीन भेटींत माहिती घेतली गेली. म्हणून ५२.९ आणि ४६.४ हे दोन्ही आकडे एकाच फूटपट्टीचे नाहीत.

दुसरी: फुकट मिळालेले अन्न. रेशनवरील मोफत धान्याची किंमत वरील मुख्य आकड्यांत धरलेली नाही. ती आणि इतर मोफत वस्तू धरून वेगळे आकडे दिले गेले; ग्रामीण भागासाठी तो ३,८६० रुपये झाला. छावणीतल्या शिध्याचाच हा प्रश्न आहे. धान्य ताटात आहे, पण खर्चात नाही.

तिसरी: टक्का नेहमी एकाच दिशेने जात नाही. पुढच्याच वर्षी, २०२३-२४ मध्ये, ग्रामीण खर्च ४,१२२ रुपयांपर्यंत वाढला आणि अन्नाचा वाटाही ४७ टक्क्यांवर चढला. नियमाप्रमाणे तो उतरायला हवा होता. भाज्या, डाळी महागल्या की घटकाभर नियम मागे पडतो. जपानमध्ये २०२४ साली दोन किंवा अधिक माणसांच्या कुटुंबांत हा वाटा २८.३ टक्के झाला. त्रेचाळीस वर्षांतला तो सर्वांत मोठा आकडा. जपान काही एका वर्षात गरीब देश झाला नाही. महागाई, म्हाताऱ्या माणसांची वाढती संख्या आणि तयार अन्न घेण्याची सवय ही कारणे त्यामागे आहेत. शिवाय मासे आणि ताजे अन्न यांवर हौसेने पैसे खर्च करणारा तो समाज आहे. मालवणच्या वाचकांना हे निराळे सांगायला नको.

रुपयांचे डॉलर करतानाही असाच घोळ होतो. २०१७ मध्ये बाजारात एका डॉलरला सुमारे ६५ रुपये पडत होते. पण अमेरिकेत एका डॉलरला जे मिळे, ते भारतात सरासरी २०.६५ रुपयांत मिळत होते. हा दुसरा दर म्हणजे क्रयशक्तीचा दर. बाजारातल्या दराने तुलना केली तर आपले प्रत्येक घर प्रत्यक्षाहून तिप्पट गरीब दिसते. क्रयशक्तीचा दर काढणारा आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रम १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रे आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांच्या सहकार्याने सुरू झाला; तोही सरासरीच असतो, आणि केस कापण्याची मजुरी व सुरमईचा भाव यांना तो एकाच काट्यात तोलतो.

यात आपले काय अडले आहे?

कोष्टकांची ही चर्चा केवळ वर्गापुरती नाही. खर्चाच्या पाहणीवरूनच किंमत निर्देशांकाचे भार ठरतात. शिक्षकांच्या महागाई भत्त्यामागे औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक असतो. त्याच्या २००१ च्या मालिकेत अन्न व पेयांचा भार सुमारे ४६ होता. २०१६ हे आधारवर्ष असलेल्या मालिकेत तो सुमारे ३९ झाला. इतर भाव स्थिर धरले आणि अन्न दहा टक्क्यांनी महागले, तर जुन्या भाराने निर्देशांक साधारण ४.६ टक्के वाढला असता, नव्या भाराने ३.९ टक्के वाढतो. म्हणजे घरी काय शिजते याची जी नोंद झाली, ती आपल्या वेतनचिठ्ठीपर्यंत पोहोचते.

किनाऱ्यावर अडलेले याहून मोठे आहे. यांत्रिक आणि पर्ससीन नौकांच्या स्पर्धेमुळे रापणकरांची मासळी घटल्याची तक्रार मालवणात अनेक वर्षे आहे. पर्ससीन मासेमारीवर राज्य शासनाने २०१६ मध्ये निर्बंध घातले. दुसरीकडे सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि पाहुण्यांमुळे चांगल्या मासळीला चांगला भाव येऊ लागला. आता समजा, आपल्या उदाहरणातल्या घरी रापणीचा वाटा येणे थांबले आणि तीच मासळी बाजारातून घ्यावी लागली. त्या घराचा रोख खर्च वाढेल. रोख खर्चाचे कोष्टक म्हणेल की घराची राहणी सुधारली! घराने काही गमावले आहे आणि कागदावर मात्र ते कमावल्यासारखे उमटते. वाट्याच्या मासळीला पाहणी करणाऱ्याने उत्पादनाच्या जागचा भाव लावला असेल, तर तो किनाऱ्यावरच्या लिलावाचा भाव असतो. विकत घेताना बाजाराचा भाव द्यावा लागतो. म्हणजे घरची मासळी धरणाऱ्या कोष्टकातही तेच बांगडे अधिक खर्चाचे होऊन बसतात.

वर्गात काय करावे?

तुलना करूच नये, असे आम्ही म्हणत नाही. तुलनेवाचून आपल्याला आपली स्थिती कळत नाही. एंगेल, शिरास आणि आपल्या पाहणीतले हजारो क्षेत्रकर्मचारी यांच्या कामाला मोल आहे ते त्यामुळेच. फक्त कोणत्याही कोष्टकाला पाच प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी. टक्के कशाचे आहेत, उत्पन्नाचे की खर्चाचे? बाहेरचे खाणे धरले आहे का? घरचे, वाट्याचे आणि फुकटचे अन्न धरले आहे का, आणि कोणत्या भावाने? स्वतःच्या घराचे भाडे धरले आहे का? आणि टक्क्यासोबत वजन-मापाचा एखादा आकडा दिला आहे का?

त्यासाठी एक उपक्रम सुचवतो. विद्यार्थ्यांना त्यांच्या घरचे उत्पन्न किंवा खर्च विचारू नये. वर्गातल्या काही मुलांना ते दुखावणारे असते. त्याऐवजी गटागटांनी एक कल्पित कुटुंब ठरवावे: कोणी रापणकराचे, कोणी आंबा बागायतदाराकडे कामाला जाणाऱ्या मजुराचे, कोणी मुंबईतल्या चाकरमान्याचे, कोणी पर्यटकांना खोल्या देणाऱ्याचे. प्रत्येक गटाने एका महिन्यातील जिनसांची यादी चार रकान्यांत लिहावी: विकत, घरचे, वाट्याचे वा भेटीचे, आणि सरकारी मोफत. भाव स्थानिक बाजारात विचारून घ्यावेत. मग वर दाखवलेल्या तीनही रीतींनी अन्नाचा वाटा काढावा. एकदा मे महिन्यासाठी आणि एकदा जुलैसाठी हिशेब करावा. जुलैत यांत्रिक नौका बंद असतात, ताजी मासळी दुर्मीळ होते आणि ताटात कुळथाची पिठी व सुके बांगडे येतात. मे महिन्यातल्या सुकवणीची किंमत कोणत्या महिन्यात लिहायची, यावर वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा. पाहणीची प्रश्नावली तयार करणाऱ्यांनाही तो घालावा लागतो.

यानंतर जगाचा तो रंगीत नकाशा वर्गात आणावा आणि पाच प्रश्नांची उत्तरे त्याच्या तळटिपांत शोधायला सांगावीत. जी सापडणार नाहीत, ती नकाशाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवावीत आणि मगच तो भिंतीवर लावावा.